बोटांची चित्रे : खाता येणाऱ्या रंगांचा घरगुती खेळ

(अंगणवाडी सेविका, पहिली-दुसरीचे शिक्षक आणि पालक यांच्या एकत्र मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दीड-दोन वर्षांचे मूल वरणभाताच्या ताटलीसमोर बसले म्हणजे पहिले चार घास पोटात जातात आणि पाचव्या घासापासून निराळाच उद्योग सुरू होतो. वरणात तर्जनी बुडते, ती ताटलीच्या काठावरून फिरते, तिच्यामागे एक पिवळी रेघ उमटते. मूल त्या रेघेकडे टक लावून पाहते, मग मागे वळून आपल्या बोटाकडे पाहते आणि पुन्हा बोट बुडविते. घरातील वडीलधाऱ्या माणसांना येथे केवळ सांडलवंड दिसते. वस्तुतः आपल्या हालचालीने जगात एक खूण उमटते, हा मनुष्यप्राण्याच्या आयुष्यातील एक मोठा शोध त्या क्षणी लागत असतो. या शोधाला थोडी शिस्त, थोडी जागा व निर्धोक साहित्य दिले, तर त्याचा एक उत्तम घरगुती खेळ होतो. आजच्या विवेचनाचा विषय तो खेळ होय.

बोटांनी रंगविण्याची पद्धत बालशिक्षणात रूढ करण्याचे श्रेय रूथ फेझन शॉ (१८८९–१९६९) या अमेरिकन शिक्षिकेकडे जाते. इसवी सनाच्या १९२० ते १९३० या दशकात त्या इटलीतील रोम शहरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची शाळा चालवीत असत. एका मुलाच्या कापलेल्या बोटाला आयोडीन लावून त्यास हात धुण्यास पाठविले असता त्याने त्या तपकिरी द्रवाने न्हाणीघराची भिंत रंगवून काढली व त्यावरून बाईंना ही कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते. मुलाला शिक्षा झाली असती तर गोष्ट तेथेच संपली असती. बाईंनी मात्र मुलांना अपाय न करणारे, बोटांना गुळगुळीत लागणारे रंग तयार करण्याचे प्रयोग आरंभिले आणि १९३४ साली या विषयावर एक पुस्तकही प्रसिद्ध केले. याच रोम शहरात १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले होते व खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलांची बोटे फिरवून घेण्याचा पाठ सुरू केला होता. लेखणी हाती येण्यापूर्वी बोट शहाणे झाले पाहिजे, ही जाण त्या दोघींच्याही कामात आढळते.

महाराष्ट्राला हा विचार सर्वस्वी परका मात्र नाही. भाद्रपदात गौरी घरी येतात तेव्हा उंबरठ्यापासून आतपर्यंत गौरीची पावले उमटवितात. पुष्कळ घरी त्यासाठी मूठ मिटून तिची कड भिजविलेल्या पिठात किंवा कुंकवात बुडवितात, ती जमिनीवर टेकवितात आणि वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके देतात. पोळ्याला बैलाच्या अंगावर पंजाचे ठसे उठवितात. डहाणू-तलासरीकडील वारली घरांत लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढला जातो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाड येथे बालवाड्या चालविल्या, तेव्हा महागड्या साधनांवाचून पाने, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातील वस्तूंतूनच मुलांचे शिक्षण उभे केले. ज्या घरात उद्याच्या भाकरीचे पीठ आहे, त्या घरात रंगाचे साहित्यही आहे, असे म्हणता येते.

येथेच पहिला आणि सर्वांत जड आक्षेप उभा राहतो. अन्नाशी खेळणे योग्य काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यासंबंधी मराठवाड्यातील एका गावची हकीकत सांगण्याजोगी आहे. तेथील अंगणवाडीत चार वर्षांची एक मुलगी येत असे. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडणीला गेले होते आणि मुलगी आजीजवळ राहिली होती. ती वर्गात बसे, खाऊ खाई, परंतु बोलत नसे. सेविकाताईंनी एके दिवशी मुलांच्या घरी जाऊन हा रंगाचा खेळ दाखवावयाचे ठरविले आणि पहिल्याप्रथम याच घरी गेल्या. पिठाची वाटी बघताच आजींचा चेहरा उतरला.

"ताई, बहात्तरच्या सालात आम्ही खडी फोडली. सुकडीसाठी रांगा धरल्या. तुम्ही पिठाचा चिखल करून लेकरांना खेळायला देता व्हय?"

ताईंनी वाद घातला नाही, हे विशेष होय. त्या ओट्यावर बसल्या, आजींनी दिलेले पाणी प्याल्या आणि दुष्काळाची सगळी हकीकत ऐकून घेतली. मग त्यांनी एवढेच विचारले, "आजी, दोन चमचे पीठ आणि तुमच्या भाताची पेज, एवढ्यात भागवलं तर? आणि उरेल ते वासराला." आजींनी थोडा वेळ विचार केला व पीठ स्वतः मोजून काढले. दोन चमचे म्हणजे दोनच चमचे.

या अटीपेक्षा चांगला नियम कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात सापडणे कठीण. एका मुलास एका वेळी चार-पाच चमचे तयार खळ पुरते आणि तेवढ्यासाठी एक-दोन चमचे पीठ लागते. ज्या घरी तेवढेही जड वाटत असेल त्या घरी हा खेळ नेऊ नये. तेथे ओल्या मातीचा खेळ न्यावा. दुसऱ्याच्या भुकेच्या आठवणीवर कार्यक्रम राबविण्याचा अधिकार कोणाही सेविकेला अगर शिक्षकाला नाही.

आता कृतीकडे वळू. चार-पाच मुलांसाठी अर्धी वाटी तांदळाचे पीठ घ्यावे. ते प्रथम अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळ्या न राहतील असे कालवावे. गरम पाण्यात एकदम टाकल्यास गुठळ्या होतात व त्या पुढे मोडता मोडत नाहीत. मग दीड ते दोन वाट्या पाणी त्यात घालून मंद आचेवर सतत ढवळीत शिजवावे. पिठातील पिष्टाचे कण उष्णतेने पाणी शोषून फुगतात आणि पांढरे, पातळ मिश्रण हळूहळू दाट व किंचित पारदर्शक होऊ लागते. चमच्याच्या पाठीवर जाड थर बसू लागला की खाली उतरवावे. थंड झाल्यावर खळ आणखी घट्ट होते, म्हणून चुलीवर असताना ती थोडी सैलच ठेवावी. तांदळाऐवजी आरारूट, मक्याचे पीठ किंवा नाचणीचे सत्त्व चालते. भाताची दाट पेज असेल तर स्वतंत्र शिजविण्याची यातायातही वाचते. कच्चे पीठ पाण्यात कालवून तसेच देण्याचा मोह काही जणांना होतो; तो टाळावा. पीठ कोरडे व स्वच्छ दिसले तरी कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात, आणि ज्या खेळात बोट तोंडात जाणार हे ठरलेलेच आहे त्या खेळात ते शिजलेलेच पाहिजे.

खळ कोमट झाली की लहान वाट्यांत वाटावी व प्रत्येकीत निराळा रंग घालावा. तांबड्यासाठी बीट किसून फडक्यातून पिळावे. चमचाभर रस पुरतो. पिवळ्यासाठी चिमूटभर हळद, हिरव्यासाठी पालकाची पाने क्षणभर उकळून वाटलेली. कोकणात आमसुले पाण्यात भिजविली तर सुरेख लालसर जांभळा रंग मिळतो. ज्येष्ठ-आषाढात जांभळे असतात, त्यांच्या रंगाला तर तोडच नाही. मात्र बी अगोदर काढून टाकावी. तपकिरी रंग हवा तर नाचणीची खळ स्वतःच तो रंग घेऊन येते. निळा रंग दुर्मीळ. तो गोकर्णाच्या फुलांपासून मिळतो. त्याच्या केवळ पाकळ्या गरम पाण्यात घालाव्यात, बिया घेऊ नयेत.

या निळ्या पाण्याची एक गंमत पहिली-दुसरीच्या मुलांना अवश्य दाखवावी. त्यात लिंबाच्या रसाचे थेंब पडताच निळ्याचे जांभळे होते, आणखी रस पडला की ते गुलाबीकडे झुकते. हळदीच्या पाण्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकली तर पिवळ्याचे तांबडे होते. आंबट पदार्थ व सोडा यांच्या योगाने रंगद्रव्य का पालटते, हे समजण्याचे वय पुढे येईल. आज 'असे का झाले?' हा प्रश्न मुलाच्या तोंडून निघाला, की काम झाले.

हळदीविषयी एक सूचना गांभीर्याने करावी लागते. बाजारातील सुट्या हळदपुडीत रंग खुलविण्यासाठी शिशाचे क्रोमेट मिसळल्याचे प्रकार काही तपासण्यांत उघडकीस आले आहेत, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूस अत्यंत घातक आहे. यास्तव शक्य तेथे हळकुंडे आणून घरी कुटावीत. ही खबरदारी केवळ खेळापुरती नसून रोजच्या भाजीआमटीलाही लागू आहे, हे निराळे सांगावयास नको.

त्याचप्रमाणे 'रंग' या एका शब्दाखाली घरात अनेक वस्तू असतात. रांगोळीची पूड ही दगडाची भुकटी आहे. गुलाल, बाजारी कुंकू, शेंदूर व होळीचे रंग पोटात जाण्यासाठी केलेले नसतात. डबीवर 'बिनविषारी' असे छापलेले असले तरी तो पदार्थ खाद्य ठरत नाही. थोडा पोटात गेल्यास मोठा अपाय होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही पालकांचा असा आक्षेप असतो की, एकदा रंग चाटण्याची मुभा दिली म्हणजे मूल उद्या भिंतीचा रंगही चाटेल. इतर आक्षेपांच्या मानाने हा आक्षेप बळकट आहे. त्याला उत्तर म्हणजे दक्षता. खाद्यरंग नेहमी स्वयंपाकघरातील वाट्यांतच द्यावे, बाजारी रंग कधीही त्या वाट्यांत ओतू नयेत, आणि मूल तीन वर्षांचे झाले की 'हा चाटायचा, हा नाही' असे दोन्ही वस्तू समोर ठेवून सांगावे. जे मूल खेळाव्यतिरिक्तही माती, खडू, भिंतीचा पोपडा सातत्याने खाते, त्याला रागावण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. अशा सवयीमागे पुष्कळदा शरीरातील लोहाची उणीव असते.

सहा महिन्यांपूर्वी हा खेळ नको. मूल आधारावाचून बसू लागले व वरचे अन्न घेऊ लागले की चमचाभर दह्यात बिटाचा रस घालून आरंभ करता येतो. दूध, गहू यांपैकी काही मुलाला सोसत नसेल तर ते येथेही वर्ज्य. एक वर्षाच्या आतील मुलाच्या रंगात गोडीसाठी मध घालू नये. त्यातून त्या वयात जीवघेणा विकार होण्याची शक्यता असते. मिठाचीही गरज नाही. शेंगदाणे, फुटाणे, साबुदाणे असे घशात अडकणारे काहीही सजावटीसाठी देऊ नये. मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे आणि त्याने त्या वेळात दुसरे काम काढू नये. खेळापूर्वी हात धुणे आवश्यक आहे. नंतर तर सगळेच धुतात. उरलेली खळ दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, कारण आपल्याकडील उष्णतेत ती लवकर आंबते. आणि बीट खेळलेल्या, म्हणजे अर्थात खाल्लेल्या मुलाची लघवी किंवा शौच दुसऱ्या दिवशी तांबूस दिसल्यास मातांनी घाबरून जाऊ नये.

रंगविण्यासाठी स्टीलचे पसरट ताट सर्वांत सोयीचे. स्वच्छ पुसलेली शहाबादी फरशीही चालते. वर्तमानपत्राचा कागद मात्र नको, कारण त्याची शाई ओल्या रंगात उतरते. ताटातील चित्र ठेवावेसे वाटले तर एका बाजूने कोरा असलेला कागद त्यावर अलगद दाबून उचलावा, चित्र कागदावर उलटे उमटते. कपड्यांवरील डागांची चिंता करणाऱ्यांनी मुलांना जुनी बंडी घालावी. हळदीचा डाग साबणाने हटत नाही, परंतु धुतलेला कपडा कडक उन्हात वाळविला की दोन-तीन उन्हांत तो पुष्कळ फिका होतो. हा अनुभव घराघरांतील आहे.

साहित्य मांडून झाल्यावर मोठ्या माणसाचे सर्वांत अवघड काम सुरू होते, आणि ते म्हणजे स्वस्थ बसणे. मुलाचा हात धरून फूल काढून दाखविणे, आंबा पिवळाच हवा असा आग्रह धरणे, शेजारच्या मुलाच्या ताटाशी तुलना करणे, या सर्वांनी खेळाचा पाठ होतो. दोन वर्षांचे मूल निव्वळ रेघोट्या ओढते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोल पुरा होऊ लागतो. पुढे त्या गोलाला डोळे फुटतात आणि धडावाचूनच दोन पाय लोंबू लागतात. जगातील बहुतेक मुलांची पहिली माणसे अशीच असतात. ही चढण ज्याची त्याने चढावयाची असते. 'हे काय काढलेस?' असे दरडावण्यापेक्षा 'याची गोष्ट सांगतोस का?' असे विचारावे, आणि मूल गप्प राहिले तर आपणही गप्प राहावे. काही मुले खळीला हातच लावीत नाहीत. ओला, बुळबुळीत स्पर्श त्यांना नकोसा वाटतो. त्यांना जबरदस्ती करू नये. चमचा किंवा केळीच्या पानाचा देठ हाती द्यावा. बहुधा आठ-पंधरा दिवसांत एक बोट आपणहून वाटीत जाते. डावखुरे मूल येथे सुखी असते, कारण या खेळात हात चुकीचा नसतो. आणि ज्या मुलांची बोटे दिवसभर भ्रमणध्वनीच्या काचेवरून फिरतात, त्यांना तर हा खेळ औषधासारखा आहे. काचेवर वाघ काढला काय अन् पाणी काढले काय, बोटाला दोन्ही सारखेच गुळगुळीत लागतात.

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला अक्षरे गिरवावयास बसविणारे पालक अलीकडे गावोगाव दिसतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यात तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत टप्पा मानून तेथे खेळातून शिक्षणावर भर दिला आहे. परंतु धोरण कागदावर असते आणि पाटी शेजारणीच्या मुलाच्या हातात असते. अशा पालकांना उपदेश करण्यापेक्षा मुलाचे ताट दाखवावे. त्यात उभी रेघ, आडवी रेघ, अर्धगोल, गाठ असे सर्व काही असते. देवनागरी अक्षरांना याहून निराळे काय लागते? पेन्सिल धरण्यास जी चिमूट लागते ती बोटांत बळ आल्यावाचून साधत नाही, आणि हे बळ कणीक मळण्यातून, शेंगा सोलण्यातून व अशा रंगकामातून येते.

आता मराठवाड्यातील त्या ओट्याकडे परत जाऊ. आजींनी मोजून दिलेले दोन चमचे पीठ पेजेत शिजले, त्यात घरचीच हळद पडली. मुलीपुढे ताट ठेवले, तरी ती हात लावीना. बराच वेळ गेला. अखेर आजीच पुढे सरसावल्या. "गवराईची पावलं काढतात, बघितली न्हाईस का तू?" असे म्हणत त्यांनी मूठ खळीत बुडविली आणि फरशीवर पाऊल उमटविले. पाच ठिपके देईपर्यंत मुलीची मूठ वाटीत गेली होती. तिची पावले वेडीवाकडी होती. एकाला सात बोटे, एकाला तीन. उंबरठ्यापासून निघून ती चुलीपर्यंत गेली. ताईंनी काही विचारले नाही. चुलीपाशी पोचल्यावर मुलगीच म्हणाली, "आई आली."

पीठ-पाण्याची चित्रे टिकत नाहीत. कागदावर असली तर त्यांना मुंग्या लागतात, दमट हवेत बुरशी येते. म्हणून ती भिंतीवर चिकटविण्याच्या फंदात पडू नये. ताईंनी त्या पावलांचे छायाचित्र आपल्या भ्रमणध्वनीवर घेतले आणि मुलीच्या आईला फडाच्या ठिकाणी पाठविले. वाटीत उरलेली खळ वासराने चाटून पुसून खाल्ली. ताट लगेच घासले गेले. फरशीवरील पावले मात्र आजींनी दिवेलागण होईपर्यंत कोणास पुसू दिली नाहीत.